एक तास कुणी मिळवला

सोमवार, १४ फेब्रुवारी

वन्सं,

पत्राच्या डोक्यावर नमस्कार लिहायचा असतो, एवढं मला गावच्या शाळेनं शिकवलंय. पण दोन वर्षं तुम्ही माझा नमस्कार घेत नाही, मग उगीच कशाला वाया घालवू? आणि आशीर्वाद द्यावा तर तुम्ही माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. म्हणजे आता बहात्तर. बघा, वय उघड्यावर आणलं. झालं, पहिल्याच ओळीत भांडणाला सुरुवात.

टपालवाला म्हणाला, तुम्ही घर आवरायला काढलंय. अठरा मार्चला धाकट्या मुलाकडे निघणार, ते कायमच्या. मी म्हटलं, "कायमच्या म्हणजे किती दिवस?" तो म्हणाला, "काकू, कायमच्या म्हणजे कायमच्या." धाकटा राहतो पृथ्वीच्या पार खालच्या अंगाला. तिथून काही तुम्ही मला बघायला यायच्या नाहीत. इथे पलीकडच्या काठावर राहून आला नाहीत, तर तिथून काय येताय.

म्हणून लिहितेय. जायच्या आधी एकदा माझ्या फाटकाशी या. दहा मिनिटं. चहा नको असला तर चहा घेऊ नका. रागवायचं तर समोर बसून रागवा. मला तुमची पाठच आठवते हल्ली, तोंड आठवत नाही.

बेटाच्या रस्त्यावरचं फाटक आता मीच सांभाळते, ठाऊक असेल. ह्यांच्या जागी. परवा एक पाहुणा मोटार घेऊन आला आणि मलाच विचारतो, "बाई, रस्ता कुठे गेला?" मी म्हटलं, "पाण्याखाली. दिवसातून दोनदा जातो आणि परत येतो, तुम्ही पण तसंच करा." त्याला कळेना मी हसतेय की चिडलेय. मग फळा दाखवला. वर खडूनं लिहिलंय, रस्ता इतके वाजता बंद, इतके वाजता उघडा. फळा पहिल्यापासून मीच लिहिते. तुमच्या भावाचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून पळालेली.

आता फळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. त्या रविवारी मी फळ्यावर पाच चाळीस लिहिलं होतं. पाणी रस्त्यावर पाच चाळीसलाच आलं. भरतीच्या पुस्तकात बघा, घड्याळात बघा, कुणालाही विचारा. तुम्ही गावभर सांगितलंत की वहिनीनं वेळ चुकीची लिहिली म्हणून माझा भाऊ पाण्यात सापडला. वेळ बरोबर होती, वन्सं. माझं काय चुकलं ते मला कळत नाही.

पंधरा मार्चपर्यंत कधीही या. वाट बघते.

तुमची,
फाटकवाली


मंगळवार, २२ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर आलं नाही. मला वाटलंच होतं. टपालवाल्याला खोदून विचारलं, "हातात दिलंस ना?" तो म्हणाला, "हातात दिलं, काकू, त्यांनी घेतलं, दार लावलं." दार लावलंत म्हणजे पत्र आत गेलं. मला तेवढं पुरे.

आज मी शाळेत गेले होते. हसू नका. फळ्यावरच्या वेळा मी इतकी वर्षं पुस्तकातून उतरवते, पण पाणी रोज उशिरा का येतं हे मला कधी कळलं नव्हतं. आज पाच चाळीस, उद्या साडेसहा, परवा सात वीस. म्हटलं, एवढं काय त्याला रोज आवरायला उशीर होतो? आणि तुम्ही मला दोन वर्षं वेळेवरून बोलताय, तर निदान वेळ म्हणजे काय ते तरी समजून घ्यावं.

शाळेतल्या बाई लहान आहेत वयानं, पण हुकूम सोडायला तुमच्या वरचढ. दिवा पेटवला, म्हणाल्या हा सूर्य. लोकरीचा गुंडा एका मुलीच्या हातात दिला, म्हणाल्या हा चंद्र. मग माझ्याकडे वळल्या. "काकू, तुम्ही पृथ्वी."

मी म्हटलं, "बसू का?"

"पृथ्वी बसत नाही. जागच्या जागी गोल फिरा."

त्रेसष्टाव्या वर्षी पोरांसमोर भोवरा झाले. एक फेरी म्हणजे एक दिवस. दिव्याकडे तोंड आलं की दिवस, पाठ झाली की रात्र. इथपर्यंत ठीक. पण मी एक फेरी मारते तोवर ती चंद्र झालेली मुलगी दोन पावलं पुढे सरकलेली. तिच्यासमोर यायला मला थोडं जास्त फिरावं लागतं. ते थोडं जास्त म्हणजे पन्नास मिनिटं! रोजची! पाणी चंद्र खेचतो, म्हणून पाणी रोज पन्नास मिनिटं मागे पडतं. मी म्हटलं, "म्हणजे पाणी वेळेवरच येतं, फक्त ते दुसऱ्याच्या वेळेवर येतं." बाई म्हणाल्या, "शाबास." आयुष्यात पहिल्यांदा मला शाळेत कुणी शाबास म्हटलं, आणि तेव्हाच मला घेरी आली.

खुर्ची दिली मग. बसल्या बसल्या विचारलं, "चंद्र समोरचं पाणी खेचतो हे कळलं. पण भरती दिवसातून दोनदा कशी? पाठीमागचं पाणी का फुगतं?" बाई म्हणाल्या, "मागच्या बाजूला चंद्राचा जोर कमी पोचतो. पृथ्वी पुढे खेचली जाते, ते पाणी मागे राहतं." तीनदा सांगितलं. तीनदा मान हलवली. कळलं नाही. खेचलं म्हणून एक फुगवटा आणि सोडून दिलं म्हणून दुसरा फुगवटा, असं कसं? तुम्हाला कळलं तर मला लिहा.

सूर्यही खेचतो म्हणे, पण लांब आहे म्हणून कमी. तिघं एका रांगेत आले, म्हणजे अमावास्येला आणि पौर्णिमेला, की दोघं मिळून खेचतात, पाणी मोठं येतं आणि लवकर चढतं. अर्धा चंद्र असला की दोघांची तोंडं दोन दिशांना, पाणी बेताचं. त्या रविवारी अमावास्या होती, वन्सं. मी कॅलेंडर काढून बघितलं.

बाई शेवटी म्हणाल्या, "घड्याळ सूर्याचं आणि पाणी चंद्राचं, काकू. म्हणून तुमच्या पुस्तकाची गरज लागते." मी म्हटलं, "बरोबर. आणि घड्याळ सरकारनं हलवलं की?"

बाई म्हणाल्या, "म्हणजे?"

मी म्हटलं, काही नाही. आणि घरी आले.

इथे थांबते. अजून गरगरतंय.

तुमची,
पृथ्वी


बुधवार, २ मार्च

वन्सं,

मागच्या पत्रात एक गोष्ट गिळली. आठ दिवस घशात अडकलीय. सांगते, पण मध्ये बोलू नका. पत्रात बोलता येत नाही हे ठाऊक आहे, तरी तुमचा भरवसा नाही.

भरतीच्या पुस्तकातल्या वेळा बारा महिने एकाच घड्याळाच्या असतात, साध्या. पण मार्चच्या शेवटच्या रविवारी आपल्याकडे घड्याळं तासभर पुढे करतात, संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून. पाण्याला ते कुणी कळवत नाही. पुस्तकात चार चाळीस असलं, की उन्हाळ्यात आपल्या मनगटावर ते पाच चाळीस. आपल्या बेटावरची पद्धत तुम्हाला माहीत आहे, तुमचं माहेरच ते. मी पुस्तकातली वेळ तशीच फळ्यावर उतरवायची आणि उन्हाळाभर वाचणाऱ्यानं मनात तास मिळवायचा. तुमचे वडील मिळवायचे, हे मिळवायचे, पाववाला मिळवायचा. लहान पोरांनाही सवय होती.

त्या वर्षी रस्त्याच्या कचेरीतून चिठ्ठी आली. यंदापासून फळ्यावर घड्याळातली वेळ लिहावी, पाहुण्यांचा घोटाळा होतो. चिठ्ठी मीच फोडली. हे कधी टपाल फोडत होते? तर त्या रविवारी, घड्याळं हलली त्याच दिवशी, मी पहिल्यांदा तास मिळवून लिहिलं. चारचे पाच केले. पाच चाळीस. वेळ बरोबर होती हे मी तुम्हाला लिहिलं ते खोटं नाही.

आठवडाभर आधीपासून मी सगळ्यांना सांगत होते. पाववाल्याला सांगितलं. शाळेत सांगितलं. टपालवाल्याला दोनदा, कारण तो ऐकत नाही. "यंदा तास मिळवू नका हं, मी मिळवलाय." सगळ्यांना आठवतंय मी सांगितलेलं.

ह्यांना सांगितलं का?

ते मला आठवत नाही, वन्सं.

कधी वाटतं, सांगितलं. हे आरशासमोर दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण, मी दारातून म्हटलं, आणि हे म्हणाले, "हं." स्पष्ट दिसतं मला. मग वाटतं, छे, ती दाढी शनिवारची, आणि मी नळाबद्दल बोलत होते. नळ गळत होता ना. "हं" तर ते सगळ्यालाच म्हणायचे. लग्नाला हो म्हणतानाही "हं" म्हणाले होते, तुम्ही होता तिथे. मग पुन्हा वाटतं, बाहेरच्या एवढ्या लोकांना सांगितलं तर घरातल्या माणसाला सांगितलंच असणार. आणि लगेच दुसरं वाटतं. बाहेरच्यांना सांगून झालं म्हणून घरातल्याचं राहिलं असणार. माझं असं नेहमी होतं.

त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. सकाळी तुमच्याकडे निघाले, तुमचं गळकं छप्पर बघायला. जाताना फळ्यावर नजर टाकून गेले. मी फाटकावर होते, मी पाच चाळीसला फाटक टाकलं. तुमच्या काठाला तेव्हा फाटक नव्हतं. मला वाटलं, आले नाहीत म्हणजे तुमच्याकडे राहिले. आणि हे सहाला चालत निघाले. पाण्यात सापडलेल्यांसाठी रस्त्याच्या मध्यावर बांधलेल्या मचाणापर्यंत पोचले ते कमरेएवढ्या पाण्यातून. मच्छीमारांनी होडीतून आणलं तेव्हा ओठ निळे झाले होते आणि मला म्हणाले, "फाटक उघड गं, फाटकवाले." त्यानंतर छाती भरली, आणि अकरा दिवस.

अकरा दिवसांत मी विचारू शकले असते. "मी तुम्हाला सांगितलं होतं का हो?" एवढंच. विचारलं नाही. ते "नाही" म्हणतील म्हणून घाबरले. आता "हं" म्हणायलाही कुणी नाही.

म्हणजे तुम्ही म्हणता तेच कदाचित खरं. फळा बरोबर होता, पण माझंच चुकलं. कदाचित. मला माहीत नाही. हे माहीत नसणं माझ्याकडून सुटतच नाही, आणि तुम्ही निघून गेलात की हे सांगायला माझ्याकडे माणूस नाही.

या हो.

तुमची,
वहिनी


मंगळवार, ८ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र आलं. दोन वर्षांनी पत्र, आणि त्यात पाच ओळी! शाईवर एवढा जीव का? मी ते टपालवाल्यासमोर फोडलं आणि त्याला हाकलून दिलं.

तुमच्या ओळी इथे पुन्हा लिहिते. मला खात्री करून घ्यायचीय की मी नीट वाचलं.

"त्याने साडेचारला वहाणा घातल्या होत्या. म्हणाला, फळ्यावर पाच चाळीस आहे, निघतो. मी म्हटले, अरे उन्हाळा लागला, तास मिळव, सहा चाळीस होतात, बस अजून. तो बसला. मी हे कुणाला सांगितलेले नाही."

वन्सं!

दोन वर्षं फळा, फळा करून माझं डोकं खाल्लंत. बाजारात माझ्याकडे बघून रस्ता बदललात. आणि वहाणा काढायला तुम्ही लावल्यात? थांबा, मला एकदा पोटभर चिडू द्या.

चिडले. आता पुढे.

पुन्हा पुन्हा वाचलं, आणि आधी होता त्याहून जास्त गोंधळ झालाय. बघा. ते साडेचारला निघाले होते. चाळीस मिनिटांचा रस्ता. म्हणजे त्यांनी पाच चाळीसच धरलं होतं, तास मिळवला नव्हता. म्हणजे मी सांगितलं होतं! ही ओळ वाचून मी खुर्चीतून उठले, सांगते. मग पुन्हा बसले. कारण मी सांगितलं असतं, तर तुम्ही "तास मिळव" म्हटल्यावर ते म्हणाले असते, "नाही ताई, यंदा तिनं मिळवलाय." म्हणाले नाहीत. नुसते बसले. म्हणजे सांगितलं नव्हतं? की सांगितलं होतं पण ते विसरले? की आठवत होतं, तरी मोठ्या बहिणीनं बस म्हटलं म्हणून बसले? तुमच्यापुढे त्यांचं कधी काही चाललंय? माझ्यापुढे तरी कुठे चाललं.

मी शाळेतल्या बाईंना विचारलं, नावं न घेता. "दोघांनी खेचलं तर कुणाचं किती, हे काढता येतं का?" म्हणाल्या, "येतं की. चंद्राचं दुपटीहून जास्त, सूर्याचं कमी." पाण्याचं येतं. आपलं कसं काढायचं ते त्यांच्या पुस्तकात नाही.

आणि एक सांगते, जे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. नवव्या दिवशी ताप उतरला होता तेव्हा ते मला म्हणाले, "ताईला काही बोलू नकोस हं." मला वाटलं, तुमच्या बोलण्याचा मी राग धरते म्हणून म्हणतायत. आता वाटतं, वेगळंच होतं ते. तुम्हाला काही म्हणाले का?

या आता. पंधराला, मंगळवारी. अर्धा चंद्र आहे, पाणी बेताचं. सकाळी दहा पन्नासपर्यंत रस्ता उघडा आहे. घड्याळं अजून हललेली नाहीत. पुस्तकात दहा पन्नास, फळ्यावर दहा पन्नास, तुमच्या मनगटावर दहा पन्नास. काहीही मिळवू नका, काहीही वजा करू नका. गाडीनं आलात तर सात मिनिटं लागतात.

वाट बघतेय. खरंच.

तुमची,
वहिनी


गुरुवार, २४ मार्च

वन्सं,

पोचलात ते कळलं. शाळेतल्या बाई म्हणतात तिकडे आता पानं गळायला लागली असतील, आणि आमच्याकडे फुटायला लागलीयत. म्हणे पृथ्वी कलून उभी आहे, सूर्याकडे कधी आमचं अंग पुढे, कधी तुमचं. चंद्रसुद्धा तिकडून उलटा दिसतो म्हणाल्या. त्याच्याकडे बघून चक्कर आली तर घाबरू नका, मला तर सरळ चंद्रानं आलीय.

त्या मंगळवारचं मी रोज आठवते. दहा वाजून दहा मिनिटांनी तुमची गाडी आली. तुम्ही उतरलात, पदर नीट केलात, आणि पहिलं वाक्य काय तर, "फळ्यावरचा शून्य नीट काढ, सहासारखा दिसतो." मी म्हटलं, "या वन्सं." तुम्ही म्हणालात, "बसत नाही. दहा मिनिटं." आणि उभ्याच राहिलात. मी पण उभी. दोघी उभ्या, खुर्च्या दोन रिकाम्या. तुम्ही धाकट्याच्या घराचं सांगितलंत, किती खोल्या, कुठल्या मजल्यावर. मी टपालवाल्याची चहाडी केली. जे बोलायचं ते कुणीच काढेना. दहा मिनिटं संपली आणि तुम्ही गाडीकडे निघालात. पाठ दिसली मला. तीच.

मग मी खाली गेले. फाटक पडलं आणि तुमचा गाडीवाला ओरडला, "ओ काकू, अजून पंचवीस मिनिटं आहेत!" तुम्ही पण मनगट पुढे केलंत. "अगं, फळ्यावर दहा पन्नास आहे ना?"

मी म्हटलं, "वन्सं, आज चंद्र जवळ आलाय. तो जवळ असला की पाणी आधी चढतं, बाईंनी शिकवलंय. त्यातून वारा काठाकडे. मी एकदा माणूस गमावलाय, मी फाटक उघडणार नाही."

गाडीवाल्यानं कपाळावर हात मारला आणि सीट मागे करून झोपला. आणि तुम्ही बसलात. जवळजवळ पाच तास.

पहिला तास तुम्ही माझी भांडी पुन्हा घासलीत, कारण मला घासता येत नाहीत. दुसऱ्या तासाला मान न वळवता विचारलंत, "शेवटी तो काय म्हणाला?" मी सांगितलं. मग तुम्ही म्हणालात, "मला म्हणाला होता, तिला काही बोलू नकोस." आणि ओल्या हातानं तोंड झाकून घेतलंत. दोघींना सांगून गेले ते, एकीचं दुसरीला कळू न देता. मग आपण ती सगळी बेरीज पुन्हा मांडली. मी सांगितलं होतं की नाही, तुम्ही बस म्हणाला नसता तर, त्यांनी ऐकलं नसतं तर. तीनदा मांडली, तिन्ही वेळा वेगळं आलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "सोड, डोकं दुखतंय," आणि त्यांच्या बाजूच्या उशीवर तासभर झोपलात. घोरता तुम्ही. ते म्हणायचे ताई घोरत नाही. खोटं बोलायचे.

तीन वीसला रस्ता उघडला. जाताना तुम्ही माझ्या तोंडावरून हात फिरवलात. आणि गाडीत बसताना म्हणालात, "बरं झालं पाणी आधी आलं."

तेच लिहायला बसलेय. तुम्ही आता एवढ्या लांब आहात की मारायला येऊ शकत नाही, म्हणून धीर झालाय. पाणी आधी आलं नव्हतं, वन्सं. तुम्ही भांडी घासत होता तेव्हा मी खिडकीतून बघितलं. दहा पन्नासला रस्त्याच्या कडेला पहिली ओल आली, मिनिटाचा फरक नाही. वारा नव्हता. चंद्र जिथे असायला हवा तिथेच होता.

ह्यांना मी सांगितलं होतं की नाही, ते मला अजून आठवत नाही, आणि आता बहुतेक आठवणार नाही. पण फाटक मी टाकलं. दहा पंचवीसला, दोन्ही हातांनी, मुद्दाम. हे मात्र मला नीट आठवतंय.

तुमची,
वहिनी